रिसालीची हवा : शेतातील अमोनियाचा हिशेब कोणाकडे?

भिलाईतील प्रदूषणाची चर्चा पोलाद कारखान्याच्या धुराड्यांपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच थांबते. कारखान्यालगतच्या रिसालीतून उतईकडे निघाले, की मात्र धानाची शेते लागतात. तेथे वरून फेकलेला युरिया मातीत मुरला नाही, तर त्यातील नत्राचा बराचसा भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडपासून बनलेल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन अमोनियम सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या या कणाचे पितृत्व कारखान्याचे तसेच शेताचेही आहे.

२००९च्या राष्ट्रीय मानकांत अमोनियाची वार्षिक मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, तर पीएम २.५ कणांची ४० आहे. त्यामुळे अमोनिया मर्यादेत राहूनही कणांचे प्रमाण वाढू शकते. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा भर शहरांवर, विशेषतः रस्त्यांवरील धुळीवर राहिला. खताचा विषय हद्दीबाहेरच उरला. २०१५पासून सक्तीचा असलेला कडुनिंबाचा लेप नत्राचे नायट्रेट होणे लांबवतो. अमोनियाला त्याने आळा बसेलच असे नाही. युरिया मातीत खोल देणे अधिक परिणामकारक, पण त्याला मजुरी लागते. ४५ किलोची अनुदानित गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना तो खर्च शेतकऱ्याने का सोसावा, याचे उत्तर धोरणात नाही.