यंत्र घरी आले, सुरक्षा दुकानातच राहिली

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागांपासून रस्त्याकडेच्या जुन्या वृक्षांपर्यंत असंख्य झाडे आडवी झाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने कोकणाला पुन्हा झोडपले. तेव्हापासून पावसाळा जवळ आला की घरावर झुकलेल्या फांद्यांची धास्ती वाटते. पनवेल परिसरातील बंगले आणि नेरे-वाजे भागातील फार्महाऊसही त्याला अपवाद नाहीत. पूर्वी लाकडाच्या वखारीत किंवा ठेकेदाराकडेच दिसणारी चेनसॉ, म्हणजे साखळीचे कटर, आता काही हजार रुपयांत ऑनलाइन घरपोच मिळते. मात्र ती चालवण्याचे प्रशिक्षण आणि अंगावर घालायची साधने त्या खोक्यात नसतात.

यातला एक कंगोरा फारसा बोलला जात नाही. यंत्र विकत घेतो मालक, पण ते चालवतो बहुधा माळी, राखणदार किंवा नाक्यावरून आणलेला मजूर. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि ती कपाटातच राहते. ज्याचे पोट हातांवर चालते, त्याच्याच हातात सर्वांत धोकादायक अवजार सर्वांत कमी माहितीसह दिले जाते.

चेनसॉचा मुख्य धोका म्हणजे तिची उसळी. साखळी ज्या लांबट पट्टीवरून फिरते, तिच्या टोकाचा वरचा भाग फांदीला किंवा खोडाला टेकला की यंत्र क्षणार्धात मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे उसळते. माणसाला प्रतिक्रिया द्यायला लागणाऱ्या वेळेच्या आत हे सगळे घडून गेलेले असते. म्हणूनच यंत्र दोन्ही हातांनी, अंगठे मुठीभोवती आवळून धरायचे, खांद्याच्या वर उचलायचे नाही आणि शिडीवर उभे राहून चालवायचे नाही. ही जखम सुरीच्या जखमेसारखी सरळ नसते. साखळी त्वचा, स्नायू आणि शिरा फाडत, मधला मांसाचा पट्टाच काढून नेते. त्यात भुसा आणि तेल जाते. त्यामुळे टाके घालून काम भागत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती राहते.

घरोघरी दिसणारे दुसरे यंत्र म्हणजे ग्राइंडर. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. ‘आडवे येते’ म्हणून तिचा गार्ड काढून टाकायचा आणि लोखंड कापण्याच्या यंत्रावर लाकडाचे दातेरी पाते बसवायचे, ही आपल्याकडची सर्रास सवय. असे पाते लाकडात अडकले की यंत्र हातातून निसटते. चकती फुटली तर तुकडा गोळीसारखा सुटतो. चकतीवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ती बसवूच नये. तडा गेलेली चकतीही फेकून द्यावी.

वादळानंतर पडलेले झाड तर सापळाच असते. दबलेली, वाकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते आणि कापताच सपकन फटका देते. फांद्यांत विजेची तार गुंतली असेल तर महावितरणने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. विजेवर चालणारे यंत्र पावसात किंवा ओल्या जमिनीवर वापरू नये. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा सुरक्षा स्विच घरात असणे केव्हाही चांगले.

मग घरमालकाने करायचे काय? मनगटाएवढ्या, जमिनीवरून सहज पोहोचणाऱ्या फांदीसाठी हातकरवत पुरते. अख्खे झाड, उंचावरची फांदी किंवा तारेजवळचे काम जाणकारांकडेच द्यावे. शहरात झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड खासगी आवारात असले तरीही. ती घेण्याच्या निमित्ताने महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोलणेही होते. यंत्र वापरायचेच असेल तर हेल्मेट, डोळे झाकणारा गॉगल, कानांचे संरक्षण, सेफ्टी बूट आणि साखळी अडवणारे मांडीवरचे जाड आवरण हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. लुंगी, ओढणी, सैल बाह्या, चपला चालणार नाहीत. जवळ मुले नकोत, पण हाकेच्या अंतरावर एक मोठे माणूस हवेच.

अपघात झालाच तर पहिली काही मिनिटे मोलाची. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून सलग, जोरात दाबावे. ते उचलून पुन्हा पुन्हा बघू नये. हळद, कॉफी, राख यातले काहीही भरू नये. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून, रुंद पट्टा आवळावा आणि वेळ लिहून ठेवावी. तो रुग्णालयातच सोडला जावा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात होत नाही, म्हणून १०८ला फोन करतानाच तसे स्पष्ट सांगावे. डोळ्यात कण गेला तर चोळू नये आणि काडीने काढूही नये. धनुर्वाताच्या लशीची चौकशी डॉक्टरांकडे जरूर करावी.

यंत्र दुसऱ्याच्या हातात देणाऱ्याने आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: याच साधनांशिवाय, याच शिडीवर आपल्या मुलाला चढवले असते का? उत्तर नाही असेल, तर ती फांदी जाणकार माणूस येईपर्यंत थांबू शकते.