खिळे कोणाचे, अक्षरें कोणाचीं?

जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील टाइपाचें सुबक वळण मराठी व संस्कृत वाचकांच्या डोळ्यांत भरलें. त्या काळीं शिशाचे खिळे विकत घेणारा छापखानदार त्यांचा पुरता धनी होई. ते त्याला शेजाऱ्यास उसने देतां येत, झिजले म्हणजे वितळवितां येत. आणि त्यांनीं छापलेला ग्रंथ वाचण्यासाठीं खिळे पाडणाराची परवानगी कोणी मागत नसे. संगणकावरील अक्षरांची गोष्ट निराळी आहे.

तिची आठवण होण्यास प्रवरेकांठच्या संगमनेराहून एका भगिनींनीं पाठविलेला प्रश्न कारण झाला. त्यांच्या सासऱ्यांनीं घराण्याचा कुलवृत्तांत २०-२५ वर्षांपूर्वीं गांवांतील एका दुकानांत संगणकावर उतरवून घेतला होता. सासरे आतां हयात नाहींत, दुकान बंद झालें, आणि छापील प्रतींपैकीं एकच, तीहि वाळवीनें खाल्लेली, उरली आहे. संगणकांतील फाइल मात्र सुखरूप आहे. पण ती उघडली कीं सात पिढ्यांच्या नांवांऐवजीं इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. पुतण्या म्हणतो, "काकू, तो फॉन्ट इंटरनेटवर फुकट सांपडतो. उतरवून घेतों, काम होईल." ही चोरी होईल काय, असें काकू विचारतात.

फॉन्ट विकाऊ असेल तर होईल, असें आमचें मत आहे. देवनागरीचा एक संच सिद्ध करावयाचा म्हणजे मुळाक्षरें, काना-मात्रा, रफार आणि शेंकडों जोडाक्षरें एकेक रेखाटावीं लागतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि काय किंवा सी-डॅकचीं साधनें काय, अशाच कष्टांतून उभीं राहिलीं. पुस्तकाच्या दुकानांतून एक पान न फाडणारीं आपलीं सुशिक्षित घरें अशा फॉन्टांच्या नकला खुशाल वांटतात, हें चमत्कारिक खरें.

तथापि काकूंचीहि एक फिर्याद आहे, आणि ती आम्हांस अधिक वजनदार वाटते. अक्षरांचें वळण कारागिराचें. पण कुलवृत्तांत कोणाचा? त्या काळच्या बहुतेक फॉन्टांत प्रत्येक मराठी अक्षराच्या आड इंग्रजीचें एखादें अक्षर वा चिन्ह दडविलेलें असे, आणि ही वांटणी कंपनीगणिक वेगळी. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ मध्येंच इस्की हें समान कोष्टक मान्य केलें होतें. त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतहि देवनागरीला जागा मिळाली होती. तरी छपाईच्या धंद्यांत पुष्कळ वर्षें ज्याचें त्याचें कोष्टक चालूं राहिलें, आणि घरोघरचा मजकूर परक्याच्या कुलुपांत जाऊन पडला. नकला फार होतात म्हणून संगणकाला जोडावयाची एक खुंटी कांहीं प्रणालींबरोबर येई. तिच्यावांचून प्रणाली चालत नसे. खुंटीचा जाच नको म्हणून लोक पुन्हां नकलांकडे वळत. या ओढाताणींत भरडलें गेलें तें प्रामाणिक गिऱ्हाईक.

शिवाय पैसे मोजले तरी हातीं काय येतें? टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं तयार संगणकप्रणाली विक्रीकरापुरती 'माल' ठरविली. खोक्यांतील करारपत्र वाचावें तर बहुधा असें आढळतें, कीं तो माल आपला नव्हेच, नुसता वापरण्याचा परवाना. कर भरतांना खरेदीदार आणि वापरतांना भाडेकरू!

कायदा दोन्ही अंगांनीं बोलतो. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यांतील कलम ६३-ब प्रमाणें, चोरीची प्रत आहे हें जाणून संगणकप्रणाली वापरणारास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. धंद्याचा लाभ नसेल तर न्यायालय केवळ दंडावरहि सोडूं शकतें. उलट रीतसर घेतलेल्या प्रणालीची नुकसानीच्या भयानें एक जादा प्रत करून ठेवणें कलम ५२ प्रमाणें गुन्हा नव्हे.

पुतण्याला हें सारें जुनाट सोंवळें वाटेल. त्यानें टाटा कन्सल्टन्सीचाच अमेरिकेंतील खटला वाचावा, कारण आपल्या घरचीं मुलें अशाच कचेऱ्यांत बसतात. इस्पितळांसाठीं प्रणाली करणाऱ्या एपिक सिस्टिम्स कंपनीनें २०१४ मध्यें तक्रार केली, कीं एका सामाईक गिऱ्हाइकाकडे काम करतांना टाटांच्या माणसांनीं आपले हजारों दस्तऐवज अनधिकारानें उतरवून घेतले. २०१६ मध्यें ज्यूरीनें ९४ कोटी डॉलर ठोठावले. ती रक्कम उतरत उतरत २८ कोटींवर आली, आणि २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें कंपनीचें अपील ऐकण्याचें नाकारलें. "उतरवून घेतों" हें क्रियापद दिसतें तितकें स्वस्त नाहीं.

आणि येथें तर त्याची गरजहि नाहीं. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें पालटून देणारीं साधनें फुकट मिळतात. त्यांना मूळ फॉन्ट लागत नाहीं, नुसतें कोष्टक पुरतें. पुढें छापावयास मुंबईच्या एक टाइप या मंडळीचा 'मुक्ता' किंवा रेड हॅटचा 'लोहित' खुल्या परवान्यानें घेतां येतो. पालट होतांना रफार भलत्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी घसरते, आणि एखाद्या आजोबांचें नांव ओळखूं येईनासें होतें. यास्तव वाळवीनें खाल्लेली ती प्रत शेजारीं ठेवून नांवागणिक ताळा पाहावा लागेल.