घरीच बसवायचे तर शिकवले कशाला?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचा अठरावा वाढदिवस त्याच्या आईवडिलांच्या पोटात गोळा आणतो. दिव्यांग हक्क कायदा, 2016 नुसार मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 या वयापुरता आहे. ते वय उलटले की विशेष शाळेच्या पटावरून नाव कमी होते, शाळेची गाडी दारात यायची थांबते आणि रोज सकाळी डबा घेऊन निघणारा मुलगा घरी बसतो. मी नाशिकमध्ये अशा तरुण मुलामुलींना कार्यशाळेत काम शिकवते. आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये शाळा सुटल्यावर काही वर्षे घरीच बसलेले पुष्कळ असतात. शर्टाची बटणे लावणारा मुलगा ती लावायला विसरलेला असतो. वजन वाढलेले असते, चिडचिड वाढलेली असते, दिवसभर टीव्ही आणि मोबाइल. शिक्षकांनी वर्षानुवर्षे खपून जे कमावले, ते रिकामपणात वाहून जाते.

अठराव्या वर्षी या मुलाला घरी बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि त्याच्या शिक्षणावर खर्चलेल्या सार्वजनिक पैशाची उधळपट्टीही आहे. त्याचे पुनर्वसन कामातूनच होते. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात दिवसभर चालणारी एक तरी कार्यशाळा हवी, आणि ती उभी करायला लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आजच आहे.

आधी उपचारांबद्दल, कारण पालकांचा पैसा आणि उमेद सर्वांत जास्त तिथेच खर्च होते. बौद्धिक अक्षमता बरी करणारे औषध नाही. 'बुद्धिवर्धक' तेले, टॉनिके आणि गंडेदोरे यांपायी दागिने गहाण ठेवलेली कुटुंबे मी पाहते. वैद्यकशास्त्राला जे जमते ते मोलाचे आहे: फिट्स आटोक्यात आणणे, थायरॉइडवर इलाज, कानाडोळ्यांच्या तपासण्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या हृदयाची तपासणी. काही वेळा तर अक्षमता टाळताही येते. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर त्याच्या मेंदूची वाढ सहसा नीट होते. ही कमतरता ओळखण्याची तपासणी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. प्रत्येक प्रसूतिगृहात ती झालीच पाहिजे. पण जे मूल अक्षमता घेऊन वाढते आहे, त्याचे आयुष्य औषधापेक्षा शिकवण्यानेच अधिक बदलते.

ते कसे, हे कार्यशाळेत पाहावे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून आमच्याकडे सुट्या भागांची पाकिटे भरण्याचे काम येते. एका पाकिटात आठ वॉशर आणि चार स्क्रू. हे काम करणाऱ्या आमच्या एका तरुणाला पाचाच्या पुढे मोजता येत नाही. त्याच्यासमोर एक लाकडी फळी असते. तिच्यात आठ गोल खाचा आणि चार लांबट. प्रत्येक खाचेत एक नग ठेवायचा. खाच रिकामी दिसली तर पाकीट अपुरे. सगळ्या भरल्या की फळी कलती करून नरसाळ्यातून माल पिशवीत सोडायचा, पिशवीचे तोंड सीलिंग यंत्रात धरायचे, दांडी दाबायची आणि लाल दिवा विझेपर्यंत हात उचलायचा नाही. शिकवताना आम्ही उलटीकडून सुरुवात करतो. पहिल्या दिवशी त्याने फक्त बंद पाकीट खोक्यात टाकायचे. मग सील करून खोक्यात टाकायचे. असे एकेक पायरी मागे जात तो पूर्ण कामापर्यंत पोहोचतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून काम त्याच्याच हातून पुरे होते, आणि ते त्याला कळते. त्याची पाकिटे तपासताना चूक क्वचितच सापडते, कारण कंटाळून खाच सोडून पुढे जाणे त्याच्या स्वभावातच नाही.

महिनाअखेरीस त्याला मिळणारी रक्कम मोठी नसते. पण त्याची आई मला म्हणाली, "बाई, पाहुणे आले की आता सांगता येतं, तो कामाला गेलाय." त्या घरात त्याची जागा बदलली, ती या एका वाक्याने मला समजली.

म्हणून विशेष शाळांनीही चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून वेळापत्रक बदलले पाहिजे. सहा वर्षे गिरवूनही 'क' न आलेल्या मुलाला सातव्या वर्षी पुन्हा 'क' देऊ नये. त्याला नोटा ओळखणे, घड्याळातली जेवणाची वेळ पाहणे, बसच्या पाटीवरचा आकडा चित्रासारखा लक्षात ठेवणे, भाजी निवडणे, अनोळखी माणसाने अंगाला हात लावला तर मोठ्याने 'नको' म्हणणे शिकवावे. बुद्ध्यंक 50 ते 69 असलेली, म्हणजे सौम्य अक्षमतेची मुले बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये बहुसंख्य आहेत. त्यांच्यातले कितीतरी जण बाहेरच्या जगात नोकरी करू शकतात.

कायद्यानेही हे मान्य केले आहे, पण अर्धवट. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के दिव्यांग आरक्षणापैकी 1 टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून ठेवला. आधीच्या 1995 च्या कायद्यातील आरक्षणात आमची मुले नव्हतीच. पण शिपायाच्या जागेलाही बहुधा दहावी उत्तीर्णची अट असते. झाडलोट, फायली पोहोचवणे, चहा देणे ही कामे नीट करणारा तरुण त्या अटीपाशी अडतो. अशा पदांसाठी दहावीऐवजी प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्यावी. हा बदल सरकारच्या हातात आहे.

आता पैशांचे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्व स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. वर्षाच्या शेवटी घाईघाईने वस्तूंचे वाटप होते, फोटो निघतात आणि अनेक ठिकाणी रक्कम शिल्लकच राहते. एका ग्रामपंचायतीची रक्कम किरकोळ असेल. तालुक्यातल्या ग्रामपंचायती, पंचायत समिती आणि नगरपरिषद यांनी आपापला काही वाटा एकत्र केला, तर एक शेड, दोन प्रशिक्षक आणि ने-आण करणारी एक गाडी यांची सोय होऊ शकते. गाडी सर्वांत महत्त्वाची. ती नसली की कार्यशाळा असूनही वाड्यावस्त्यांवरची मुले, आणि विशेषतः मुली, घरीच राहतात. राज्याने 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. असा निधी एकत्र करण्याचा स्पष्ट शासन निर्णय या विभागाने काढावा.

उद्योजकांनाही सांगणे आहे. दिवाळीत आमच्या मुलांनी रंगवलेल्या पणत्या तुम्ही घेता, त्याबद्दल आभार. पण पणत्यांचे काम वर्षातले दोनच महिने चालते. आम्हाला बाराही महिने चालणारे काम हवे: पॅकिंग, लेबले चिकटवणे, खोकी जुळवणे. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या यादीत दिव्यांगांचे कौशल्य आणि उपजीविका आहेच. देणगीच्या धनादेशाआधी एखादे काम द्या, आणि माल खराब निघाला तर परत पाठवा.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबईत जय वकील शाळा 1944 मध्ये सुरू झाली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी 1964 मध्ये 'कामायनी' उभी केली. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनी एकत्र येऊन 'घरकुल' बांधले, जिथे प्रौढ मुले कायमची राहतात. या वाटा माणसांनी स्वतःच्या बळावर पाडल्या. त्या प्रत्येक तालुक्यापर्यंत नेणे हे एकेकट्या पालकाच्या ताकदीबाहेरचे आहे. ते शासनाचेच काम.

पालकांनी आज दोन गोष्टी कराव्यात. मूल अठराचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक उरत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. ते घ्या. निरामय योजनेचा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा काढा. आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनी येत्या ग्रामसभेत किंवा आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारावे: गेल्या वर्षीचे दिव्यांगांचे 5 टक्के कुठे खर्च झाले, आणि त्यातून अठरा वर्षांवरील किती जणांना काम मिळाले? या प्रश्नाचे उत्तर लेखी मागा.