आशाताईंच्या हातातील फोन



वैयावृत्त्याची गणना आपल्याकडे अभ्यंतर तपांत केली आहे. वृद्ध, आजारी, थकलेल्या साधु-साध्वींची सेवा हा त्याचा मूळ अर्थ. गृहस्थांनी तो रुग्णसेवेपर्यंत विस्तारला. परंतु अहोरात्र सेवा करणाऱ्याचे मन थकले तर त्याची शुश्रूषा कोणी करावयाची, हा विषय आपल्या विश्वस्त मंडळांच्या सभांत क्वचितच निघतो. आज तो मारेगाव तालुका डोळ्यांसमोर ठेवून मांडत आहे.

मारेगाव हा वणीलगतचा, कापूस-सोयाबीनचा तालुका. पीक बुडाले की त्याची झळ व्यापाऱ्याच्या उधारीच्या वहीत उतरते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. आशाताईंच्या वहीत ती निराळ्या रीतीने उतरते. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. यवतमाळ त्यांपैकी एक. झोप लागते का, मन उदास असते का, जगणे नकोसे वाटते का, असे प्रश्न घरोघरी जाऊन विचारण्याचे काम आशाताईंकडे आले. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोगाचे औषध हे सारे सांभाळून, कधी कोलामांच्या पोडापर्यंत पायपीट करून, तिने दुसऱ्याच्या मनाचा ठाव घ्यावयाचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. अशा घरांत पुढेही जात राहणारी व्यक्ती बहुधा हीच असते. तिला मात्र ते प्रश्न कोणीच विचारत नाही.

फोन येथे उपयोगी पडू शकतो. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालतो. मराठी भाषा निवडता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज भासल्यास पुढे मनोविकारतज्ज्ञांशी जोडून दिले जाते. साधा बटणांचा फोनही त्यासाठी पुरतो. या सेवेचे ॲप २०२४ मध्ये आले. श्वसनाचे व्यायाम किंवा झोपेची नोंद अशा सोयी देणारी इतरही ॲप आहेत. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. पण स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तेव्हा ॲपवर विसंबू नये. त्याच क्षणी १४४१६ लावावा आणि सोबत घरचे माणूस ठेवावे.

मात्र हाच फोन जाचही होऊ शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन कमी क्षमतेचे, वारंवार बिघडणारे. आणि माहिती भरावयाचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत. मदतीचे साधन म्हणून दिलेली वस्तू रात्री उशिरापर्यंत माहिती भरण्याचे ओझे ठरली होती. आशाताईंची स्थिती फार वेगळी नाही. व्हॉट्सॲपवर वरिष्ठांचा निरोप जेवतानाही येतो. ज्या पडद्यावर दिवसभर तगादा चालतो, त्याच पडद्यावर ‘शांत व्हा’ अशी सूचना उमटली तर तिचे मन कसे मानावे?

नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीने राबविलेला ‘आत्मीयता’ हा उपक्रम या दृष्टीने मला मोलाचा वाटतो. तेथे गावातल्याच विश्वासाच्या स्त्री-पुरुषांना समुपदेशनाचे प्राथमिक प्रशिक्षण दिले गेले आणि हाती स्मार्टफोन आला तो छोट्या चित्रफिती दाखविण्यासाठी. चित्रफितीने बोलण्यास तोंड फुटे. ऐकणारे माणूस समोर बसलेले असे. हाच क्रम आशाताईंसाठी लावता येईल. महिन्यातून एकदा पाच-सहा आशाताईंनी एकत्र बसावे, त्यांच्यातील एखादीला ऐकून घेण्याचे शिक्षण मिळावे, आणि त्या बैठकीत कामाचा एकही तक्ता निघू नये.

बँकेत आम्हांस पहिला धडा मिळे तो ग्राहकाच्या खात्याची गोष्ट बाहेर न नेण्याचा. मनाच्या खात्याला तर त्याहून कडक गुप्तता हवी. आपले बोलणे वरिष्ठांच्या कानी जाईल अशी शंका जरी आली, तरी कोणतीही आशा तोंड उघडणार नाही. म्हणून अशा कामास पैसा देणाऱ्यांनी नावांची यादी मागू नये. किती जणींनी लाभ घेतला हा आकडासुद्धा मागू नये, असे माझे मत आहे. अहवालाची आवड असणाऱ्या विश्वस्तांना ते रुचणार नाही.

मोबाइल वाटपाचा समारंभ करण्याचा मोह पुष्कळांना होईल. त्याऐवजी रिचार्जचा खर्च उचलावा. मानधन लांबले तर किराण्याच्या उधारीला तगादा न लावणे, हे तर आपल्या हातचेच आहे. उसनवारीचा घोर हाही झोप उडविणाराच असतो.

आणखी एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. १४४१६ लावावा, पण कोठे बसून? घरी सासू-सासरे आणि मुले, उपकेंद्रात रुग्णांची ये-जा, रस्त्यावर ओळखीचे लोक. ज्या गावी आपले स्थानक किंवा धर्मशाळा आहे तेथे दुपारी एखादी खोली रिकामी असते. एक खुर्ची, पंखा, पाण्याचा माठ आणि आतून लागणारी कडी एवढी तयारी पुरे. किल्ली एखाद्या समंजस श्राविकेकडे ठेवावी. तिने ती द्यावी, परंतु काम काय म्हणून विचारू नये.