स्लॅब पडला, पुढे काय?

मराठीत काही वाक्यं अशी आहेत की भाषा नवीनच शिकणारा माणूस ती ऐकून दचकेल. 'आमचा स्लॅब पडला' हे त्यातलं पहिलं. कोल्हापुरात कुणी फोनवर हे सांगितलं की पलीकडचा 'अरे वा, अभिनंदन!' म्हणतो. कारण इथे स्लॅब पडला म्हणजे कोसळला नव्हे, ओतून झाला. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर घरघरायला लागतो, पाट्या हातोहात वर जातात आणि संध्याकाळी गँगला जेवण. तेही मटणाचं. तांबड्या-पांढऱ्याशिवाय स्लॅब घट्ट होत नाही अशी आमच्याकडे श्रद्धा आहे आणि तिला आव्हान द्यायची हिंमत अजून कुठल्या इंजिनिअरने केल्याचं ऐकिवात नाही.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. घरमालक चहाचा कप घेऊन ऐटीत वर जातो आणि त्याला दिसतात भेगा. बारीक, लांब, तिरप्या. काल ज्यावर आयुष्याची कमाई ओतली, ते आज तडकलेलं! हप्ता पस्तीस वर्षांत संपणार आणि स्लॅब पस्तीस तासांत फुटला? टेन्शन कुणालाही येणारच.

आमच्या घरी तर हा नुसता पैशाचा प्रश्न नव्हता. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्याही वर गेली आणि दोन्ही वेळा आमच्या गल्लीत पाणी आलं. आई-बाबांचं कौलारू घर उतरवून नवं बांधायचं ठरलं ते त्यानंतर. वरचा मजला ही हौस नव्हती, पाणी आलं तर चढून बसायची जागा होती. आणि त्याला रस्त्याच्या बाजूला चार फुटांची गॅलरी. आपल्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये गॅलरी असते ती कॉफीसाठी. आमच्या गल्लीत बोटवाले हात पुढे करतात ते गॅलरीखालून. म्हणून हा स्लॅब 'चालतंय की' म्हणून सोडून देण्यातला नव्हता.

मतं मात्र भरपूर मिळाली. शेजारचे काका म्हणाले, 'सगळा पाडा, परत ओता.' आत्याच्या मते कुणाची तरी नजर लागली होती. आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, 'काय होत नाही साहेब, उन्हाचं हाय ते. सिमेंटचं पाणी फिरवतो, दिसणार बी नाही.'

'दिसणार बी नाही' हेच मला नको होतं. सिमेंटचं पाणी थांबवलं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं.

मॅडमनी आल्या आल्या पेन्सिल काढली. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली. भेग रेघेच्या पुढे गेली तर ती 'जिवंत', तिथेच थांबली तर काम संपलेली. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. भेग कधी पडली? कुठे पडली? आणि रुंदी किती? दोस्तहो, स्लॅबच्या भेगांचा सगळा फंडा या तीन प्रश्नांत आहे.

पहिला प्रश्न, कधी. ओतल्यानंतर पहिल्या काही तासांत, काँक्रीट अजून ओलं असतानाच पडलेली भेग ही बहुतेक वेळा उन्हा-वाऱ्याची करामत. ओल्या काँक्रीटमधलं पाणी हळूहळू वर येत असतं. एप्रिलमधली कोल्हापूरची दुपार, कोरडा वारा, तापलेल्या लोखंडी प्लेटा. वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं पाणी जास्त झालं की वरचा थर आकसतो. खालचा थर त्याला आकसू देत नाही. मधल्या ओढाताणीत वरची कातडी फाटते. याला प्लॅस्टिक श्रिंकेज म्हणतात. आमच्या तिरप्या, एकमेकींना समांतर भेगा याच जातीच्या होत्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ते तितकं खोटं नव्हतं.

दुसरी जात, सळईच्या बरोबर वरून जाणारी. काँक्रीट ओतल्यावर खाली बसतं, पण सळई बसू देत नाही, म्हणून तिच्या डोक्यावर चीर पडते. व्हायब्रेटर नीट फिरला नाही, पाणी जास्त झालं किंवा सळई फारच वर राहिली, की हे होतं. लाइटचे पाइप पुरले असतील तर त्यांच्यावरही अशीच सरळ रेघ उमटते. या भेगा खोल उतरल्या तर पावसाळ्यात पाणी थेट लोखंडापर्यंत जातं. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतूनच काँक्रीटचे पोपडे काढतं.

रुंदी मोजायला घरचा उपाय. प्रिंटरचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. आपल्या आय.एस. ४५६ या भारतीय मानकात भेगेची मर्यादा सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटर धरली आहे, सतत ओल लागणाऱ्या भागात ०.२. म्हणजे तीन कागदांची चळत भेगेत सहज जात असेल तर प्रकरण इंजिनिअरचं, गवंड्याचं नव्हे. आमच्या भेगांत एकच कागद जेमतेम शिरत होता. मॅडम म्हणाल्या, 'तारेच्या ब्रशने साफ करा, धूळ धुऊन काढा आणि पॉलिमर मिसळलेली पातळ सिमेंट ग्राउट आत मुरवा. नुसता वरून हात फिरवू नका. आणि पाणी सोडू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.'

पाण्याचं खातं आईने घेतलं. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवलं होतं, दिवसातून तीनदा ती वर जायची. फोनवर अस्सल कोल्हापुरी रिपोर्ट यायचा, 'आत्ताच पाणी मारून आलो बघ.' मानक सांगतं, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी हवं आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या पी.पी.सी. सिमेंटला किमान १०. हल्ली घराला बहुतेक पी.पी.सी.च वापरतात. आईने १४ दिवस मारलं.

इथे गोष्ट संपली असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण तिसरा प्रश्न राहिला होता, कुठे.

नवव्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या साइटसाठी गॅलरीखालचे टेकू काढून नेले. अकराव्या दिवशी आईने फोन केला, 'गॅलरीत भिंतीला लागून एक रेघ आलीया. सरळ हाय, पट्टीनं मारल्यागत.' मी फोटो मॅडमना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन, 'आधी टेकू लावा, मग बोलू. खाली कुणाला उभं राहू देऊ नका.'

कारण गॅलरीचं गणित उलटं असतं. चारी बाजूंनी टेकलेल्या स्लॅबला मध्ये खालून ताण बसतो, म्हणून तिथलं मुख्य लोखंड खाली. गॅलरी एका बाजूने अधांतरी. तिला ताण बसतो वरून, भिंतीपाशी. म्हणून तिचं लोखंड वरच्या अंगाला हवं. आणि नेमकं हेच लोखंड ओतकामाच्या धांदलीत पाट्या वाहणाऱ्यांच्या पायाखाली येऊन दबतं. आमच्याकडे दोन ठिकाणी फोडून पाहिलं. पाच इंची स्लॅबमध्ये ज्या सळ्या वरून इंचभर खाली असायला हव्या होत्या, त्या अडीच इंचांवर निघाल्या. हिशेब सोपा आहे. खालच्या पृष्ठभागापासून सळईपर्यंतचं अंतर चार इंचांवरून अडीचवर आलं. म्हणजे सळ्या तेवढ्याच, सिमेंट तेवढंच, पण वजन पेलायची ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी. त्यावर पुराच्या दिवशी सगळं घर उभं राहणार होतं.

भेग हा आजार नसतो, लक्षण असतं. उन्हाची भेग आणि ही भेग फोटोत जवळजवळ सारख्या दिसतात. ग्राउट दोन्हींत भरता येतं आणि दोन्ही झाकल्या जातात. फरक एवढाच की एक झाकली तर चालतं.

कोयना धरणाची गोष्ट या निमित्ताने आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या वरच्या भागाला भेगा पडल्या. त्या इपॉक्सी भरून बंद केल्या गेल्या, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. भेगा तिथेच का पडल्या याचा अभ्यास झाला आणि मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन धरण मजबूत केलं गेलं. धरण असो की चार फुटांची गॅलरी, क्रम तोच. आधी कारण, मग मलम.

आमची गॅलरी फोडली. आत स्लॅबमध्येही गॅलरीच्या दीडपट लांबीचा पट्टा फोडून सळ्या पुन्हा वर बसवल्या, खाली लोखंडी खुर्च्या दिल्या, जुन्या-नव्या सांध्याला बाँडिंगचं रसायन लावलं. मजुरी कॉन्ट्रॅक्टरची, माल आमचा, असा तह झाला. तो दोन दिवस रुसला, मग म्हणाला, 'बरं झालं साहेब, हितंच घावलं.' या वेळी ओतकाम उन्हं कलल्यावर झालं, सळ्यांवर चालायला फळ्या टाकल्या आणि हात फिरवून होताच ओली पोती पसरली. पाण्याचा हिशेबही ठेवला. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास, वाळूतली ओल धरून. मिक्सरवाला 'जरा सैल करू' म्हणाला की मॅडम नुसत्या बघायच्या.

तुमचाही स्लॅब पडणार असेल तर जेवणाचा मेनू जरूर ठरवा, पण त्याआधी एक काम करा. टेकू काढायची तारीख कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घ्या. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला मानक किमान ७ दिवस सांगतं, त्यापुढे १४. पी.पी.सी. असेल तर इंजिनिअरला विचारून आणखी वाढवा. गॅलरीचे टेकू सगळ्यात शेवटी, तेही बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे काढत. ती तारीख खडूने खांबावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे दुसऱ्या साइटचा टेम्पो आला तरी घरातलं कुणीही बोट दाखवून सांगू शकेल, 'अजून पाच दिवस हाईत.'