श्रावण पाळताय? एकट्याने पाळू नका

श्रावण जवळ आला की तुमच्या फोनमध्ये एक तरी ग्रुप असा असतोच, ज्यावर ‘यंदा कुठे बसायचं?’ हा मेसेज येऊन पडतो. २०२५ मध्ये आषाढ अमावस्या गुरुवारी, २४ जुलैला होती. गुरुवार पाळणारे आपल्यात बरेच, त्यामुळे काहींची गटारी बुधवारीच उरकली, काहींची आधीच्या रविवारी. आणि त्याच ग्रुपवर दुसरा मेसेजही हमखास येतो, ‘श्रावणात महिनाभर एक थेंब नाही. लावता का पैज?’

पहिल्या मेसेजवर लेक्चर द्यायला घरचे आहेतच. मला त्या दुसऱ्या मेसेजबद्दल बोलायचंय.

गेल्या वर्षी अशीच एक पैज आमच्या फ्लॅटवर लागली होती. पैज लावणारा आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा. शेवटचा पेग रविवारी मध्यरात्री. सोमवारी सकाळी त्याचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम, काही खाल्लं की उलटी. आम्ही म्हटलं व्हायरल असेल, पावसाळा आहे. क्रोसिन दिली. मंगळवारी पहाटे त्याला फिट आली. एकाने नाकाला कांदा लावला, एकाने चप्पल शोधली, मी तोंडात पाणी ओतायला निघाले होते. नशीब, शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी मला थांबवलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हा रोज किती घ्यायचा?’ आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, ‘कधी तरी, सर.’ ते खोटं होतं. आधी रोज क्वार्टर होती, नंतर रोज हाफ झाली होती. आम्हाला माहीत होतं. त्या उत्तरामुळे उपचारांना उशीर झाला असता, पण डॉक्टरांनी त्याच्या हातांकडे बघूनच ओळखलं.

तो आज बरा आहे आणि हे छापायला त्याची परवानगी आहे. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला त्रास पिण्यामुळे झाला, हे अर्धंच खरं आहे. त्या पहाटे तो मरता मरता वाचला, कारण त्याने कुणालाही न विचारता एकदम सोडली होती.

बातम्यांमध्ये काय आहे, काय नाही

२०२५ च्या जून-जुलैमध्ये राज्यात दारू हा बातम्यांचा मोठा विषय होता. १० जूनला मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. निर्मितीमूल्याच्या तिप्पट असलेला कर साडेचारपट झाला. १८० मिलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, विदेशी मद्यासाठी २०५ रुपये आणि प्रीमियमसाठी ३६० रुपये अशी ठरली. ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार आला, त्याची क्वार्टर १४८ रुपयांना. वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित होता. उत्पादन शुल्क विभागात १,२२३ नवी पदं मंजूर झाली. वाढलेल्या करांच्या निषेधार्थ १४ जुलैला बार आणि परमिट रूमवाल्यांनी बंदही पाळला.

किंमत वाढली की एकूण पिणं कमी होतं, हे जगभर दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनाही कर वाढवायलाच सांगते. त्यामुळे कर वाढला याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा हिशेब ज्याला ‘आज नको’ म्हणता येतं त्याच्यासाठी आहे. ज्याचं शरीर दारूवर अवलंबून आहे, त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. एक तर स्वस्त मालाकडे वळायचं, नाही तर एकदम तोडायचं. दुसरा रस्ता ऐकायला छान वाटतो. आपण टाळ्याही वाजवतो. पण त्या रस्त्यावर पुढे काय आहे, हे आपण मार्च २०२० मध्ये पाहिलंय.

लॉकडाऊनमध्ये दुकानं एका रात्रीत बंद झाली. केरळमध्ये काही दिवसांतच दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, डॉक्टरांच्या संघटना चिडल्या आणि २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. विड्रॉवलवर औषधं आहेत, त्यासाठी दारू लिहून द्यायची गरज नाही. वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा जीव गेला. तेव्हा आपण त्यावर मीम्स फॉरवर्ड केली होती. मीही केली होती.

‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेला २०१९ चा देशव्यापी अहवाल सांगतो की, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसले तरी उपचार मिळाले. बाकी ३७ जण एक तर पीत राहतात, नाही तर स्वतःच्या हिमतीवर सोडायला बघतात. कर किती, परवाना कुणाला, ड्राय डे कधी, यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. सोडल्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांवर मात्र जवळजवळ होतच नाही.

त्या चार दिवसांत होतं काय?

दारू मेंदूचा ब्रेक दाबते. म्हणूनच दोन पेगनंतर सगळं निवांत वाटतं. रोज ब्रेक दाबला जायला लागला, की मेंदू तोल सांभाळायला दुसरीकडे अॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. मग एके दिवशी तुम्ही ब्रेकवरचा पाय अचानक काढता. अॅक्सिलरेटर तसाच दाबलेला असतो. यालाच विड्रॉवल म्हणतात.

शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते बारा तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ आणि भयंकर बेचैनी सुरू होते. झोप लागत नाही. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत असतो. काहींना नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात. सगळ्यात वाईट प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो. ताप, वाढलेला रक्तदाब, आपण कुठे आहोत तेच न कळणं. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर तो जिवावर बेतू शकतो.

आता घाबरू नका. महिन्यातून एखाद्या पार्टीत दोन बिअर पिणाऱ्याला यातलं काही होत नाही. त्याच्या सकाळच्या डोकेदुखीला हँगओव्हर म्हणतात आणि तो दिवसभरात उतरतो. फरक ओळखायचा असेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. रोज, किंवा जवळजवळ रोज, लागते का? सकाळी हात थरथरतात आणि ‘उतारा’ घेतला की थांबतात का? आधी कधी सोडायला गेल्यावर घाम, भास किंवा फिट असं काही झालंय का? यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल, तर वय वीस आहे की पन्नास, याने काही बिघडत नाही. ‘बेवडा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुत्त्याबाहेर पडलेले कुणी तरी काका येतात. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला पोरगा येत नाही. हॉस्टेलच्या रूममध्ये दार लावून एकटी पिणारी मुलगी तर नाहीच नाही.

अजून एक गोष्ट, जी मला हा लेख लिहिताना कळली. दर वर्षी श्रावण कडक पाळायचा आणि विसर्जन झालं की दुप्पट जोमाने सुरू करायचं, हा आपल्याकडचा पॅटर्न आपल्याला संयमाचा पुरावा वाटतो. डॉक्टर वेगळं सांगतात. अवलंबून असलेल्या माणसाने वारंवार एकदम सोडली, की पुढचं विड्रॉवल आधीपेक्षा तीव्र होण्याची शक्यता असते. म्हणजे ‘गेल्या वर्षी काही झालं नव्हतं’ ही गॅरंटी नाही.

मग सोडायची कशी?

सोडायचीच. फक्त डॉक्टरांना सांगून. वरच्या प्रश्नांना तुमचं उत्तर ‘हो’ असेल, तर ओपीडी गाठेपर्यंत एकदम तोडू नका, आणि ओपीडी पुढच्या महिन्यावर ढकलूही नका. उद्या जा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून थेट दाखवता येतं. डॉक्टर मेंदूला शांत करणारी औषधं ठरावीक मात्रेत देतात आणि साधारण आठवडाभरात ती हळूहळू कमी करत बंद करतात. सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं. ही औषधं मित्राच्या आईच्या डब्यातून उचलून घेण्याची नाहीत. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो. त्रास हलका असेल आणि सोबत कुणी असेल, तर घरी राहूनही हे जमतं. आधी फिट आली असेल, रोजचं प्रमाण जास्त असेल, दुसरा आजार असेल, जीव द्यायचे विचार येत असतील किंवा रूमवर कुणीच नसेल, तर भरती व्हा.

‘घरी कळेल’ ही सगळ्यात मोठी भीती. म्हणून कायदा माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक त्रासांचाही समावेश आहे. या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. १८ पूर्ण असतील तर तुम्ही स्वतःच्या इच्छेने उपचारासाठी भरती होऊ शकता. अजून एक अडचण मुलांना वाटते, वयाची. आपल्या राज्यात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. पण डॉक्टर तुमचा परमिट तपासत नाहीत. त्यांना खरा आकडा सांगा, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते.

रात्री अडीच वाजता जीव कासावीस झाला आणि कुणाशी बोलावं कळेना, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंग मराठीतूनही होतात, तिथे फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत.

पहिला आठवडा पार पडला की शरीर सावरतं, पण डोकं मागे राहतं. काही आठवडे झोप उडते, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. तलफ लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा. खाऊन घ्या, बाहेर पडा, कुणाला तरी फोन लावा. ‘अरे, एकाने काय होतंय?’ म्हणणाऱ्याला ‘गोळ्या चालू आहेत’ एवढंच सांगा, वाद घालू नका. आणि मध्येच पाय घसरला तर ‘संपलं सगळं’ म्हणून बाटली संपवू नका. डॉक्टरांना फोन करा. घसरणं या आजारात होतं, त्यावरही उपचार आहेत.

तुम्ही रूममेट असाल तर

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही तरी मऊ ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा आणि १०८ ला फोन लावा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल जागच्या जागी राहू द्या. आणि डॉक्टरांनी विचारलं ‘किती घ्यायचा?’, तर मित्राची इज्जत वाचवायला खोटं बोलू नका. आम्ही बोललो होतो.

ग्रुपवर ती पैज लावणारा जो कोणी असेल, त्याला आज वेगळा फोन करा. सगळ्यांसमोर नको. फक्त एवढंच विचारा, ‘सकाळी हात थरथरतात का रे?’ तो हसला तर ठीक, लागू द्या पैज. तो गप्प झाला तर म्हणा, ‘उद्या ओपीडीला जाऊ, मी येतो सोबत.’  अजून वेळ आहे.