डाग जाईल की वाढेल?
चेंबूर स्टेशन ते कॉलेज भर उन्हात चालता ना? मग डागांसाठी ग्लायकॉलिक ॲसिड ऑनलाइन मागवण्याआधी बाटलीवरचा टक्का बघा. हे ॲसिड मृत पेशींची पकड सैल करतं, म्हणून डाग फिके होतात. पण खालची नवी त्वचा उन्हाने लवकर भाजते. आपल्या सावळ्या त्वचेवर जळजळ झाली की मागे काळा डागच उरतो! घरी वापरायला १० टक्क्यांपर्यंत ठीक. त्यावरचं पील तज्ज्ञांकडूनच. कडक पील घरी स्वतःहून करू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनेही जुलै २०२४ मध्ये दिला. रोज सनस्क्रीन लावायचा कंटाळा येतो? मग ॲसिडच्या वाटेला जाऊच नका. सायन हॉस्पिटलची त्वचारोग ओपीडी चेंबूरहून लांब नाही.